गाईला दर शून्य, म्हशीला बरोबर. इनिटमध्ये डिडसेट नेमकं कुणाचं ऐकतं?

धारोष्ण:

मंडळी, दोन रात्री डोकं खाजवून झालं, आता विचारतोच. फोनवरून लिहितोय, लॅपटॉप केंद्रावर राहिलाय, त्यामुळे कोड चिकटवता येत नाही, तोंडी सांगतो. तसंही माझ्या कोडात क्लासची आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीतच आहेत. स्विफ्ट भाषेला चालतं, ऑफिसातले हसतात, हसू देत.

नोकरी पुण्यात, गाव करवीर तालुक्यात. चुलते गावच्या दूध संस्थेचे सचिव. त्यांच्यासाठी आयपॅडवर संकलनाचं अ‍ॅप करून दिलंय, फुकट. बायको याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणते. दोन महिने एकही तक्रार नव्हती.

रचना अशी. 'नोंद' नावाचा क्लास. त्यात लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर आणि रक्कम, सगळ्यांची सुरुवातीची किंमत शून्य. लिटर, फॅट, एसएनएफ या तिघांना डिडसेट (किंमत भरली की आपोआप चालणारा कोड) लावलंय आणि प्रत्येकात एकच ओळ: दरकाढ(). दरकाढ चालू दरपत्रकात फॅट आणि एसएनएफचा चौकोन शोधतं, दर भरतं, लिटरने गुणून रक्कम भरतं आणि लॉगमध्ये 'दर काढला' असं छापतं. चौकोन सापडला नाही तर दर शून्य.

आतापर्यंत चुलते आकडे हाताने भरायचे. फॉर्म उघडला की रिकामी नोंद तयार व्हायची, मग एकेका रकान्यातला आकडा तिच्यात जायचा आणि दर आपोआप दिसायचा. गेल्या आठवड्यात फॅट मशीनला बीएलईचं (ब्लूटूथचं) छोटं अडॅप्टर जोडलं. आता मशीनकडून एक ओळ येते, ती तोडून मी थेट नोंद(लिटर: ७.४, फॅट: ३.८, एसएनएफ: ८.६) अशी बनवतो. पहिल्याच सकाळी, ५:५० ला, पहिला उत्पादक, गाईचं दूध. पावती बाहेर आली: दर ०.००, रक्कम ०.००. त्याने ती चुलत्यांपुढे धरली आणि म्हणाला, "सचिव, दूध दान केलं काय मी?" मागे पंधरा माणसं किटल्या घेऊन उभी.

खरी गंमत पुढेच आहे. तिसरा उत्पादक म्हशीचं दूध घेऊन आला, त्याची पावती बरोबर! चौथी गाय, पुन्हा शून्य. पाचवी म्हैस, बरोबर. म्हशीचं दरपत्रक वेगळं असतं म्हणून 'म्हैसनोंद' हा मी नोंदचा सबक्लास (तिच्यावरून काढलेला क्लास) केलाय. त्याच्या इनिटमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडात) आधी सुपर.इनिट(), म्हणजे नोंदचं इनिट, मग सेल्फ.दर, सेल्फ.लिटर, सेल्फ.फॅट, सेल्फ.एसएनएफ असं ओळीने भरलंय. गाईच्या, म्हणजे मूळ नोंदच्या इनिटमध्येही हेच आहे, फक्त वर सुपर.इनिट नाही.

लॉग बघितला. गाईच्या नोंदीला 'दर काढला' एकदाही नाही. म्हशीच्या प्रत्येक नोंदीला तीन-तीनदा: ०, ०, मग ५२.१०.

त्या सकाळी चुलत्यांनी कपाटातलं छापील कोष्टक काढून गाईच्या सगळ्या पावत्या पेनने भरल्या. मी व्हिडिओ कॉलवर "हो काका, बघतो काका" करत होतो.

इनिटमध्ये डिडसेट चालत नसेल तर म्हशीला का चालतं? आणि चालत असेल तर गाईने काय घोडं मारलंय?

रात्रपाळी:

इनिटमध्ये डिडसेट चालत नाही, जुनी गोष्ट आहे. सेल्फ.फॅट = फॅट ही ओळ डिफरच्या कंसात टाका (त्यातला कोड इनिट संपताना चालतो), चालू लागेल. मी तीन प्रोजेक्टमध्ये वापरलंय. म्हशीचं माहीत नाही, आमच्याकडे नाही.

हेडरफाइल:

धारोष्ण, तुमच्या गाईच्या आणि म्हशीच्या दोन्ही पावत्या नियमाला धरूनच आहेत. नियमाचे दोन भाग आहेत आणि लोक पहिलाच वाचून थांबतात.

पहिला भाग: क्लास किंवा स्ट्रक्ट आपल्या स्वतःच्या प्रॉपर्टीला आपल्याच इनिटमध्ये किंमत देतो तेव्हा ती सरळ साठवणीच्या जागी लिहिली जाते. विलसेट नाही, डिडसेट नाही. घोषणेच्या ओळीवर दिलेल्या तुमच्या शून्यालाही हेच लागू. २०१४ मध्ये स्विफ्ट आली तेव्हापासून हे असंच आहे.

दुसरा भाग: सबक्लासच्या इनिटमध्ये सुपर.इनिट() होऊन गेल्यावर तुम्ही वरच्या क्लासच्या प्रॉपर्टीला हात लावलात, तर तिचे ऑब्झर्व्हर (विलसेट, डिडसेट) चालतात. फॅट ही नोंदची प्रॉपर्टी आहे, म्हैसनोंदची नाही. सुपर.इनिट संपलं तिथे नोंदचा हिस्सा पूर्ण झाला. त्यानंतर म्हैसनोंद तिच्या दृष्टीने बाहेरचीच, आणि बाहेरच्याला सेटरच्या दारातूनच यावं लागतं. लॉगमध्ये तीन ओळी का, तेही यातच आलं: लिटर भरलं तेव्हा फॅट शून्य, फॅट भरलं तेव्हा एसएनएफ शून्य, तिसऱ्या वेळी कुठे चौकोन सापडला.

असं का केलंय? डिडसेटच्या आत ओल्डव्हॅल्यू मिळते, बरोबर? पहिल्यांदाच किंमत भरताना जुनी किंमत कुठून आणणार? तिथे काहीच नसतं. आणि डिडसेटमधून तुम्ही कुठलीही मेथड बोलावू शकता, ती मेथड कुठलीही प्रॉपर्टी वाचू शकते, आणि त्यातली एखादी अजून भरलेलीच नसेल तर? स्विफ्ट सगळ्या प्रॉपर्टी भरल्याशिवाय सेल्फ कुणाच्या हाती देत नाही. तुम्ही म्हणाल, माझ्या तर सगळ्यांना शून्य आहे, धोका कुठे? खरंय, पण कंपायलर प्रत्येक क्लाससाठी वेगळा नियम लावत बसत नाही.

आम्ही ऑब्जेक्टिव्ह-सीवाले हे हाताने करायचो. इनिटमध्ये सेटर बोलवायचा नाही, अधोरेखावालं मूळ व्हेरिएबल थेट भरायचं, डीअ‍ॅलॉकमध्येही (ऑब्जेक्ट पुसला जाताना) तेच, असा अ‍ॅपलचा सल्लाच होता. कारण सबक्लासने सेटर ओव्हरराइड केला असला तर अर्धवट बनलेल्या ऑब्जेक्टवर त्याचा कोड चालायचा. हा नियम नवा माणूस हमखास विसरायचा. स्विफ्टने तो कंपायलरच्या गळ्यात घातला.

डिफरबद्दल: चालतं, पण का चालतं ते कळल्याशिवाय वापरू नका. ती ओळ कुठे लिहिली आहे हे कंपायलर बघतो. थेट इनिटच्या अंगात असेल तर साठवणीत सरळ लेखन. डिफरचा ठोकळा आतून वेगळं फंक्शन म्हणून बनतो, त्यामुळे तिथली ओळ इनिटबाहेरची धरली जाते. इनिटमधून एखादी मेथड बोलावून तिच्यात सेल्फ.फॅट भरलं तरी तेच होईल.

जाता जाता: रक्कम डबलमध्ये (दशांश आकड्यात) ठेवली असेल तर आजच बदला. पैशांत पूर्णांक ठेवा. दहा दिवसांच्या बेरजेत एका पैशाचा फरक पडला तरी सचिवांना सभेत उभं राहावं लागतं.

धारोष्ण:

ताई, म्हशीचं कोडं सुटलं. दंडवत. रक्कम डबलमध्येच होती, लाज वाटली, बदलली.

डिफर मात्र तुमचं वाचण्याआधीच लावून बसलो होतो. त्याची कथा ऐका. इनिटच्या शेवटी डिफर टाकलं, तर एक्सकोडने पिवळी सूचना दिली: डिफर अगदी शेवटी आहे, ते लगेचच चालणार, त्याऐवजी डू लिहा. शेजारी दुरुस्तीचं बटण. पिवळं दिसलं की दाबायची सवय, दाबलं. सूचना गेली आणि गाय परत शून्यावर. अर्धा तास अडॅप्टरला शिव्या घालत होतो. डू म्हणजे नुसता कंस, वेगळं फंक्शन नाही, हे तुमचं वाचल्यावर समजलं. मग डिफर इनिटच्या सुरुवातीला नेलं. सूचनाही नाही, गाईलाही दर. चुलते खूश.

ही झाली परवाची गोष्ट. आज दुपारी त्यांचा फोन. ११ ते २० तारखेचं गाईचं एकूण बिल अ‍ॅप वेगळंच दाखवतंय. ते बिल केव्हाच छापून बँकेत गेलंय! छापील यादी एक सांगते, आयपॅड दुसरं, आणि आयपॅड कमी सांगतो. त्या नोंदींना कुणी हात लावलेला नाही. २१ तारखेपासून दर बदललेत हे खरं, गाय रुपयाने उतरली, म्हैस रुपयाने चढली, पण जुन्या नोंदींचा त्याच्याशी काय संबंध? डिफरने हे केलं असेल का?

सेमीकोलन:

मला एक कळत नाही, दर साठवताच कशाला? फॅट आणि एसएनएफवरून तो निघतोच, तर कॉम्प्युटेड प्रॉपर्टी करा. मागितला की मोजला. डिडसेट नको, डिफर नको, शून्याचा प्रश्नच नाही.

धारोष्ण:

सेमीकोलन भाऊ, पहिल्या दिवशी मीही तेच केलं होतं, चुलत्यांनी हाणून पाडलं. दर दहा दिवसांच्या हिशोबाने बदलू शकतो. कॉम्प्युटेड केलं आणि २१ ला नवं दरपत्रक चढवलं की ११ तारखेच्या दुधाचाही दर नवा दिसणार. पावतीवर छापला तो दर कायमचा. चुलते म्हणतात, "पावती म्हणजे शब्द." म्हणून साठवतो.

सेमीकोलन:

मग ठीक. पण आत्ता तुमच्याकडे नेमकं तेच झालंय ना?

हिरवा_रोबो:

अँड्रॉइडकडून बातमी: आमच्याकडेही फार वेगळं नाही. कोटलिनमध्ये डेलिगेट्स.ऑब्झर्वेबलला दिलेल्या पहिल्या किमतीवर तुमचं फंक्शन चालत नाही, पुढच्या प्रत्येक बदलाला चालतं. स्वतःचा सेटर लिहिला असेल तर घोषणेच्या ओळीवरची किंमत बॅकिंग फील्डमध्ये सरळ जाते, पण खाली इनिट ब्लॉकमध्ये पुन्हा किंमत दिलीत तर सेटर चालतो! पहिली किंमतसुद्धा कळायला हवी असेल तर स्टेटफ्लो. तो ऐकायला बसल्याबसल्या आत्ताची किंमत हातात देतो. शेजारचा व्ह्यू.जेएसवाला म्हणतो, त्यांच्या वॉचला इमीजिएट लावल्याशिवाय तोही सुरुवातीला गप्प असतो.

पायथनमध्ये उलटं. तिथे अंडरस्कोर इनिटमध्येही सेल्फ.फॅट लिहिलंत तर प्रॉपर्टीचा सेटर चालतोच. पायथनहून स्विफ्टला आलेला माणूस इथे हमखास आपटतो.

हेडरफाइल:

धारोष्ण, दोन प्रश्नांची उत्तरं द्या, मग बोलते. एक, डेटाबेसमधून जुनी नोंद उघडताना ती कुठल्या इनिटने बनवता? दोन, उघडलेल्या नोंदी परत केव्हा लिहिता?

धारोष्ण:

एक: त्याच इनिटने. त्याला दर हा चौथा पॅरामीटर आहे, दिला नाही तर शून्य. एसक्यूलाइटच्या ओळीतून चारही देतो. मशीनकडून येतं तेव्हा तीनच.

दोन: अ‍ॅप बॅकग्राउंडला गेलं की त्या वेळी उघड्या असलेल्या सगळ्या नोंदी लिहून टाकतं. चुलते मध्येच आयपॅड बंद करतात म्हणून ठेवलंय.

अरे देवा.

हेडरफाइल:

तेच. डिफर लावण्याआधी गाईची जुनी नोंद उघडली की इनिटने साठवलेला दर तसाच ठेवला, डिडसेट गप्प बसलं, सगळं ठीक. डिफर लावलंत आणि तेव्हापासून प्रत्येक जुनी नोंद उघडताक्षणी दरकाढ चालतं, चालू दरपत्रकाने. कुणी आयपॅड मिटला की नवा दर डेटाबेसमध्ये. इनिटमधली जी शांतता तुम्हाला दोष वाटली, ती जुन्या नोंदींची राखण करत होती.

आता जरा बसून वाचा. डिफरने गाईला नवा आजार दिलेला नाही, म्हशीचाच दिलाय. म्हैसनोंदमध्ये सुपर.इनिटनंतर तुम्ही आधी सेल्फ.दर भरता, मग लिटर, फॅट, एसएनएफ. शेवटच्या तिघांनी तीनदा दरकाढ चालवलं आणि आधी भरलेला दर पुसला. हे मशीन जोडल्यापासूनचं नाही, पहिल्या दिवसापासूनचं आहे. दरपत्रक बदललं नव्हतं तोवर पुसून पुन्हा तोच आकडा येत होता, म्हणून कुणाला दिसलं नाही. २१ ला बदललं.

११ ते २० चं म्हशीचं बिल कुठल्या दिवशी काढलंत?

धारोष्ण:

२२ ला. नवं दरपत्रक २१ च्या पहाटे चढवलं होतं.

आत्ता चुलत्यांना उठवलं. (रात्रीचे साडेअकरा. शिव्या खाल्ल्या.) रोजच्या पावत्यांच्या स्थळप्रती गठ्ठ्यात असतात, त्यांतल्या १४ तारखेच्या पाच म्हशीच्या काढायला लावल्या. पाचही पावत्यांवर जुना दर. बिलात पाचही ठिकाणी नवा, बरोबर एक रुपया जास्त. त्या दहा दिवसांचं म्हशीचं दूध २,३४० लिटर, म्हणजे २,३४० रुपये जादा वाटले गेले.

म्हशीचे ४१ उत्पादक आहेत. एकानेही तक्रार केली नाही. गाईवाला शून्य बघून पाच सेकंदांत बोलला, आणि म्हैसवाले आठवडाभर गप्प! काका म्हणाले, "गप्प का बसणार न्हाईत? लक्ष्मी आली की कोण इचारतंय कुठनं आली."

आणि मी म्हशीचं 'बरोबर' धरून गाईला तिच्यासारखं करत होतो.

रात्रपाळी:

डिफर मीच सुचवलं होतं. चुलत्यांना माझं नाव सांगू नका. माझ्या तीन प्रोजेक्टमध्ये उद्या सकाळी पहिलं काम हेच, साठवणीतून येणारा माल कुठल्या इनिटने येतो ते बघणं.

हेडरफाइल:

आता दुरुस्ती. मी काय केलं असतं ते सांगते, पटलं तर घ्या.

दर ही फॅटच्या मागे फरफटत जाणारी गोष्ट ठेवूच नका. दर एकदाच ठरतो, दूध मापलं त्या क्षणी. म्हणून नोंद स्ट्रक्ट करा, पाचही प्रॉपर्टी लेट. बदलणारच नाहीत, तर ऑब्झर्व्हर कशाला? सबक्लास काढा, गाय की म्हैस हा एक इनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) पुरे.

इनिट दोन करा, आणि त्यांची लेबलं इतकी वेगळी ठेवा की चुकून एकाच्या जागी दुसरं लिहिलं जाणार नाही. पहिलं मापाचं: प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ आणि दरपत्रक. दर यातच मोजला जातो, साध्या फंक्शनने, जे आकडे घेतं आणि आकडा देतं, सेल्फला ओळखतही नाही. दुसरं साठवणीचं: सगळे आकडे आहेत तसे, काहीही मोजायचं नाही. तुमच्या जुन्या इनिटचा खरा घोटाळा तो शून्याचा डिफॉल्ट होता. 'दर माहीत आहे' आणि 'दर अजून काढायचाय' या दोन वेगळ्या वेळा एकाच दारातून आत येत होत्या.

चौकोन सापडला नाही तर शून्य देऊ नका. मापाचं इनिट फेल करा, पडद्यावर 'दरपत्रकात नाही' असं लाल दिसू दे. शून्य हा आकडा आहे, तो गुणाकारात जातो, पावतीवर छापला जातो.

सचिव नंतर फॅट दुरुस्त करतील तेव्हा जुनी नोंद बदलायची नाही, मापाच्या इनिटने नवी बनवायची, आणि दरपत्रक त्या नोंदीच्या तारखेचं द्यायचं. म्हणजे प्रत्येक दरपत्रकाला 'लागू तारीख' हवी आणि जुनी दरपत्रकं टाकून द्यायची नाहीत. हे तुमच्याकडे आज नाही असा माझा अंदाज.

डिडसेट वाईट नाही, पडद्यासाठी ठेवा. व्ह्यू कंट्रोलरमध्ये 'आत्ताची नोंद' अशी प्रॉपर्टी आणि तिच्या डिडसेटमध्ये लेबलं ताजी करणं, हे त्याचं खरं काम. स्टोरीबोर्डच्या आउटलेटलाही लावता येतं. आउटलेट जोडलं जातं तेव्हा इनिट होऊन गेलेलं असतं, म्हणून तिथे ते पहिल्या वेळीही चालतं. एवढंच लक्षात ठेवा की तीच किंमत पुन्हा भरली तरी डिडसेट चालतं, आणि वीक प्रॉपर्टी एआरसीने (मेमरी सांभाळणाऱ्या यंत्रणेने) निल केली तर चालत नाही.

धारोष्ण:

ताई, रविवार पूर्ण गेला, पण झालं. नोंद आता स्ट्रक्ट आहे. म्हैसनोंद पुसताना जरा वाईट वाटलं, मोठ्या हौसेने केली होती. लागू तारीख खरंच नव्हती. चालू दरपत्रक ही एकच फाइल, नवी आली की जुनीवर चढायची. काकांच्या कपाटातल्या छापील कोष्टकावरून गाईचं आणि म्हशीचं अशी मागची दोन्ही दरपत्रकं परत टाइप केली. गाईच्या बिघडलेल्या नोंदी बॅकअपमधून आणल्या, म्हशीच्या मात्र स्थळप्रती बघत हाताने, कारण बॅकअपमध्येही त्या बिघडलेल्याच होत्या.

एक प्रश्न पडला होता, तो स्वतःच तपासला: नोंद कोडेबल आहे (जेसनमध्ये आपोआप लिहिता-वाचता येते), बॅकअपच्या जेसनमधून येताना काय होईल? आपोआप बनणाऱ्या डिकोडच्या इनिटला तुमचा पहिलाच नियम लागू आहे. मुद्दाम जुन्या क्लासवर करून बघितलं, 'दर काढला' एकदाही छापलं नाही.

२,३४० चं काय? मी भरतो म्हणालो. काकांनी ऐकलं नाही, अध्यक्षांशी बोलून ठेवलंय, दिवाळीला उत्पादकांना वाटतात त्या फरकाच्या रकमेतून म्हशीवाल्यांचे तेवढे वळते करायचे. सभेत कारण काय सांगणार विचारलं, तर म्हणाले, "सांगतो, पोराच्या कोडात म्हस वरच्या दारानं आत येत हुती." म्हणजे मी फोनवर समजावलेलं त्यांनी ऐकलं होतं.

आज सकाळी मी केंद्रावरच होतो. ५:५२ ला पहिली किटली, तोच गाईवाला. ६.९ लिटर, ३.७, ८.५. पावती घेतली, दर वाचला, घडी घालून खिशात टाकली आणि म्हणाला, "रुपयानं उतरलाय."

म्हटलं, तो डिडसेटने नाही उतरला, दूध संघाने उतरवलाय.